दोन वूफर, एक अ‍ॅम्प आणि बेस गायब! ओहमचं गणित कोणी समजावेल का?

डिक्कीत_दणका
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.
गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंडहँड. बोनस आला तेव्हा कॉलेजपासूनची हौस भागवायची ठरवली आणि १२ इंची दोन वूफर घेतले. खोक्यावर लिहिलंय ३०० वॉट आरएमएस (सतत पेलणारी ताकद), १२०० वॉट मॅक्स (क्षणभराची), ड्युअल ४ ओहम. दुकानदाराने त्यावर टू चॅनल अ‍ॅम्प दिला, ज्यावर सोनेरी अक्षरात "२००० वॉट" छापलंय. म्हणाला "साहेब गाडी हादरेल". हादरलो फक्त मी, बिल बघून.
प्रॉब्लेम असा की पंधरा-वीस मिनिटं वाजतं मग अ‍ॅम्पवर लाल दिवा लागतो आणि सगळं बंद, अ‍ॅम्पवर हात ठेववत नाही इतका तापतो, थोडा गार झाला की परत चालू. आणि जेव्हा वाजतं तेव्हा पण मजा नाही, नुसती भसभस. मित्राच्या गाडीत एकच १० इंची आहे त्याचा ठोका छातीत बसतो हो! दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प कमी पडतोय, ३००० वॉटवाला घ्या, जुना परत घेईन अर्ध्या किमतीत.
घेऊ का? की मूळ जोडणीच चुकलीये? वूफरला अ‍ॅम्प मॅच करायचा म्हणजे नक्की काय बघायचं?

निवांत_बसलेला
मी पहिला. खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलोय.

नानापेठी
अर्ध्या किमतीत परत घेतो म्हणजे तोच अ‍ॅम्प पुढच्याला पुसून पूर्ण किमतीत जाणार. काहीही घेऊ नका. आधी अ‍ॅम्पच्या बाजूला पिना असलेले रंगीत फ्यूज आहेत त्यावर किती लिहिलंय ते बघून सांगा. आणि पेटीवरच्या जोडणीच्या डबीतून वायरी कशा जोडल्यात त्याचा फोटो टाका.

सातारी_तर्री
भावा दोन बारा इंची आन् बेस नाय? आमच्याकडं वडापच्या ट्रॅक्समधी मागं दोन खोकी ठेवली तर बाया कान झाकून बसत्यात. नाद खुळा. तुझ्या गाडीत कायतरी मोठ्ठं चुकलंय.

सीएनजीवाला
माझी वॅगनआर सीएनजी आहे, डिक्कीत सिलिंडर. बेस पाहिजे असेल तर काय करता येईल? धागाकर्त्याची माफी मागून विचारतोय.

डिक्कीत_दणका
@नानापेठी, फ्यूज दोन आहेत, दोन्हीवर २० लिहिलंय. फोटो काढला पण चढत नाहीये. वर्णन सांगतो, प्रत्येक वूफरला चार टोकं आहेत, दोन लाल दोन काळी. दोन्ही लाल एकत्र, दोन्ही काळी एकत्र, मग दोन्ही वूफर परत एकत्र, आणि तिथून एक जोडी अ‍ॅम्पच्या दोन टोकांच्या खोबणीत गेलीये, तिथे "ब्रिज" असं लिहिलंय.

ओहमकार
सापडलं! दुकानदाराला दंडवत.

जरा सावकाश सांगतो कारण हाच घोळ मी दर दोन महिन्यांनी कुठेतरी बघतो. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितकं अ‍ॅम्पवर ओझं जास्त. ड्युअल ४ ओहम म्हणजे एका वूफरमध्ये दोन कॉइल, प्रत्येक ४ ओहमची. समांतर जोडल्या (लाल-लाल, काळी-काळी) की २ ओहम. एकामागोमाग जोडल्या (पहिलीचं काळं दुसरीच्या लालला) की ८ ओहम. आता असे दोन वूफर आहेत तुमच्याकडे. चारही कॉइल समांतर केल्या की १ ओहम. चारही एकामागोमाग केल्या की १६. आणि अर्ध्या अशा अर्ध्या तशा केल्या की ४. म्हणजे या जोडीतून फक्त १, ४ किंवा १६ मिळतात, २ ओहम मिळतच नाही कितीही डोकं आपटलं तरी.

तुमच्या दुकानदाराने केलंय १ ओहम, आणि तेही ब्रिज करून. ब्रिज करणं म्हणजे अ‍ॅम्पचे दोन्ही चॅनल मिळून एकच ओझं ओढतात आणि प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मा ओहम दिसतो. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्पच्या एकेका चॅनलला अर्धा ओहम दिसतोय!! बहुतेक टू चॅनल अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, तसं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो लाल दिवा म्हणजे अ‍ॅम्प हात जोडून सांगतोय की मेलो. नशीब समजा की प्रोटेक्ट सर्किट चांगलं आहे नाहीतर धूर निघाला असता.

म्हणून आधी फुकटचा उपाय करा. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकामागोमाग (८ ओहम), मग दोन्ही वूफर एकमेकांना समांतर, झाले ४ ओहम. ते ब्रिजला लावा. दहा मिनिटांचं काम.

नानापेठी
ओहमकार बरोबर बोलले, आता वॉटचं मी सांगतो.
दोन फ्यूज २० चे म्हणजे ४० अँपियर. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरा. ४० गुणिले १३.८ म्हणजे ५५२ वॉट. एवढी वीज आत जाणार, बाहेर त्यापेक्षा जास्त कशी येईल, अ‍ॅम्प म्हणजे काय पाटबंधारे खात्याचा अंदाज आहे का? त्यात तुमचा अ‍ॅम्प क्लास एबी जातीचा असणार (टू चॅनल तापणारा म्हणजे तोच), तो निम्मीअर्धी वीज उष्णतेत घालवतो. म्हणजे हातात येणार ३०० वॉटच्या आसपास. छापलेत २०००.
अ‍ॅम्प घ्यायला गेलात की सोनेरी अक्षरं वाचायचीच नाहीत, फ्यूज वाचायचे. ३० वर्षं हेच करतोय.

कुर्ला_डेपो
+१. सीएसटी रोडला एक पोरगा मला "५००० वॉट" विकत होता, फ्यूज बघितला तर ३० चा एकच. मी म्हटलं अरे बाबा तुझ्या दुकानातल्या इस्त्रीला सुद्धा याच्यापेक्षा जास्त वीज लागते. तर म्हणे "सर वो पीएमपीओ है", म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा. 🙏

बे_एरियाचा_बंड्या
अमेरिकेत यावर २००३ साली एक स्टँडर्ड आलं, सीईए-२००६ (यातला २००६ हा नंबर, साल नाही). त्यात ठरवून दिलंय की अ‍ॅम्पचा आरएमएस ४ ओहमवर, १४.४ व्होल्टला, १ टक्क्यापर्यंतच डिस्टॉर्शन धरून मोजायचा. ज्या अ‍ॅम्पच्या खोक्यावर तो शिक्का असतो त्याचा आकडा बराच विश्वासाचा. सक्ती नाहीये, कंपनीची मर्जी. भारतात मिळणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडच्या खोक्यावर पण कधीकधी दिसतो, बघून घ्या.

विचारवंत_वाकडवाला
सगळं ठीक आहे पण ३०० वॉटचा अ‍ॅम्प ६०० वॉटच्या वूफरांना लावला तर अंडरपॉवर होऊन वूफर जळतील हे कोणी का सांगत नाहीये? वूफरला कमी पॉवर दिली की तो जळतो हे सगळ्यांना माहीत आहे.

ओहमकार
> वूफरला कमी पॉवर दिली की तो जळतो

हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. कमी पॉवरने वूफर जळत असता तर आवाज कमी केल्यावर सगळे वूफर जळाले असते की हो. जळतो तो क्लिपिंगमुळे. अ‍ॅम्प छोटा असतो, माणसाला आवाज कमी वाटतो, मग तो अ‍ॅम्पवरचं गेनचं बटण पिळतो, बेस बूस्ट पिळतो, आणि अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर गेलं की लाटेचे माथे सपाट कापले जातात. पूर्ण कापलेली चौकोनी लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते. कॉइल तापते, लाख वितळते, तो जळका वास येतो जो एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. त्यामुळे ३०० चा अ‍ॅम्प ६०० च्या जोडीवर स्वच्छ चालवला तर काही होत नाही. आवाज थोडा कमी, बस.

विचारवंत_वाकडवाला
थोडा कमी? निम्मी पॉवर आहे!

ओहमकार
निम्मी पॉवर म्हणजे ३ डेसिबल फक्त. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ३०० आणि ६०० मधला फरक कळतो पण उडी मारण्याइतका नाही. म्हणूनच तर मी म्हणतोय की धागाकर्त्याची भसभस ही वॉटची तक्रार नाहीये.

मंद्रसप्तक
मी गाण्यातला माणूस, वायरीतलं कळत नाही. पण भसभस आणि ठोका यातला फरक मला डग्ग्यावरून कळतो. डग्गा नीट लागलेला असेल तर घुमारा येतो आणि थांबतो. सैल असेल तर नुसता पसरतो. तुमची पेटी, म्हणजे वूफरचं खोकं, ते कसं आहे हो? तिथे तर गडबड नसेल?

नानापेठी
मंद्रसप्तक साहेब मुद्द्याचं बोलले, आम्ही दोन पानं ओहम ओहम करत बसलो. दणकाराव, पेटी सांगा.

डिक्कीत_दणका
पेटी दुकानातलीच तयार, काळं कार्पेट लावलेली. एकच मोठी, दोन वूफर शेजारी शेजारी, मधे पार्टिशन आहे की नाही माहीत नाही. पाठीमागे दोन भोकं आहेत पाइपसारखी. लांबी-रुंदी-उंची मोजली ३४ x १४ x १४ इंच बाहेरून.

पेटीवाली_पल्लवी
माझा विषय! (सुतारकाम हा छंद, नवऱ्याच्या गाडीची पेटी मीच बनवली, त्याने फक्त उचलून ठेवली आणि कंबर धरून बसला.)

१८ मिमी एमडीएफ धरलं तर आतून साधारण ३२.५ x १२.५ x १२.५, म्हणजे जेमतेम २.९ घनफूट. त्यातून दोन वूफरची ढुंगणं आणि पाइप वजा करा, राहिलं अडीच. एकेकाला सव्वा घनफूट. बंद पेटीला हे छान आहे, १२ इंचीला साधारण एक-सव्वा घनफूट पुरतं. पण पोर्टवाल्या (तुमच्यासारख्या पाइपच्या भोकांच्या) पेटीला १२ इंचीसाठी बहुतेक कंपन्या पावणेदोन-दोन घनफूट सांगतात. लहान पेटीत पोर्ट असला की ट्यूनिंग (पेटी ज्या सुराला घुमते तो सूर) वर सरकतं, मग एकाच सुरावर ढम्म ढम्म होतं आणि खालचं काही येत नाही. गाणं कुठलंही लावा, बेस एकच. वूफरच्या पुस्तिकेत पेटीचं माप लिहिलेलं असतं, ते वाचा, माझ्यावर जाऊ नका.

पैसे नसतील तर पोर्टमध्ये जाड फोम घट्ट कोंबा आणि बंद पेटी म्हणून ऐकून बघा. आवाज थोडा उतरेल पण ठोका सुटा येईल. फुकट आहे.

आणि पोर्टवाली ठेवलीत तर अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) आहे का बघा. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना पेटीतली हवा कोनला (वूफरच्या पुढच्या पडद्याला) धरून ठेवत नाही, कोन मोकाट पुढे मागे पळतो आणि फाटतो. ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर फिल्टर ३० च्या आसपास.

निवांत_बसलेला
"वूफरची ढुंगणं" 😂😂 या धाग्याला ताई मिळाल्या.

सातारी_तर्री
ताई आमच्या डॉल्बीवाल्याला भेटा एकदा, त्यो पेट्या स्वतः बनवतो प्लायच्या. गणपतीत त्याच्या भिंतीपुढं हुबं राह्यलं की शर्टाची बटणं हालत्यात.

पमा
अवांतर: मला कायम हसू येतं की सातारा सांगली कोल्हापूरकडे कान फाडणाऱ्या भिंतीला "डॉल्बी" म्हणतात. रे डॉल्बीने १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला! म्हणजे मूळ डॉल्बी आवाज कमी करायचं यंत्र. आपण त्याचं काय करून ठेवलं.

सातारी_तर्री
आम्ही नाव मोठं केलं त्याचं.

एक_त्रस्त_शेजारी
आवाजाचा विषय निघालाच आहे तर. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. आमच्या सोसायटीत एक महाशय पार्किंगला गाडी लावून गाणं संपेपर्यंत उतरत नाहीत. गाणं त्यांचं, भांडी आमची वाजतात. तिसऱ्या मजल्यावर!

मंद्रसप्तक
खालच्या सुरांना भिंती अडवत नाहीत. ४० हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, तिला तुमची खिडकी बंद आहे की उघडी याने फार फरक पडत नाही. त्यांना वाटतं काच वर केली म्हणजे झालं.

डिक्कीत_दणका
मी तो शेजारी नाही हे नम्रपणे नमूद करतो. माझा तर वाजतच नाहीये.

कुर्ला_डेपो
परत मुद्द्यावर. वायर कुठली टाकलीये? कारण मी बघितलंय लोक अ‍ॅम्पवर हजारो घालवतात आणि बॅटरीपासून वायर आणतात ती घरातल्या पंख्याची.
स्विफ्टसारख्या गाडीत बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर सहज लागतात. ५० अँपियर ओढले तर चांगल्या तांब्याच्या ४ गेज (जाड) वायरीत ०.२ व्होल्ट वाया जातात, ८ गेजमध्ये (बारीक) अर्धा व्होल्ट. आणि बाजारात मिळणारं स्वस्त किट असतं ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, त्यात ८ गेजला पाऊण व्होल्टच्या वर जातात. ओळखायचं सोपं आहे, एक तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं की फसलात.
अर्थिंगची वायर पण तितकीच जाड पाहिजे, अर्ध्या मीटरच्या आत, रंग घासून पत्र्याला बोल्ट. सीट बेल्टच्या बोल्टला जोडू नका, बरेच जण जोडतात.

नानापेठी
आणि फ्यूज!! बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज पाहिजेच पाहिजे. तो अ‍ॅम्प वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि मधे फ्यूज नसेल तर पूर्ण बॅटरी त्या वायरीतून रिकामी होते, म्हणजे आग. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना रबरी ग्रोमेट घातलाय का तेही बघा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती, कार्पेट उचललं तर वायरीचं कव्हर वितळून चिकटलेलं. मालक म्हणे "मला वाटलं एसीचा वास आहे".

विचारवंत_वाकडवाला
त्यापेक्षा एक फॅरडचा कपॅसिटर लावा, सगळे प्रॉब्लेम जातात. हेडलाइट मिचकावत नाहीत. माझ्या गाडीत आहे, निळा डिस्प्ले पण आहे त्याला.

ओहमकार
डिस्प्ले छान दिसतो याबद्दल दुमत नाही. पण हिशोब करू. १ फॅरड, १४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर येईपर्यंत देतो २६ जूल. तुमचा अ‍ॅम्प जोरात वाजताना ७५० वॉट ओढत असेल तर २६ जूल पुरतात ०.०३५ सेकंद. पापणी लवायच्या आत संपलं. आणि मग तो परत भरायचा कोणी, त्याच अल्टरनेटरने. दिवे मिचकावत असतील तर आधी अर्थ घट्ट करा, वायर जाड करा, बॅटरी तपासा. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपियर-तासाची बॅटरी असते, तिचंही वय बघा.

विचारवंत_वाकडवाला
माझे दिवे कपॅसिटर लावल्यापासून मिचकावत नाहीत, हा अनुभव आहे. हिशोब तुमच्याकडे ठेवा.

पेटीवाली_पल्लवी
तो लावताना मेकॅनिकने अर्थ पण नवीन केली होती का?

विचारवंत_वाकडवाला
…केली होती.

निवांत_बसलेला
शेंगदाणे संपले. पाणी आणतो.

सीएनजीवाला
माझं कोणी वाचलं का वर?

डिक्कीत_दणका
मंडळी रविवारी दुपारी मित्राला घेऊन बसलो. अपडेट देतो.

१) वायरिंग बदललं, ओहमकारांनी सांगितल्यासारखं ४ ओहम. मल्टिमीटरने मोजलं तर ३.६ आलं, घाबरलो, मग वाचलं की कॉइलचा मीटरवरचा आकडा लिहिलेल्यापेक्षा थोडा कमीच येतो. दीड तास वाजवलं, लाल दिवा नाही! अ‍ॅम्प कोमट. नाचलो.
२) अ‍ॅम्पची पुस्तिका सापडली (खोक्याच्या पुठ्ठ्याखाली). ब्रिज ४ ओहम, ३०० वॉट आरएमएस. नानापेठी तुमच्या पायाचा फोटो पाठवा, फ्यूजवरून सांगितलंत!
३) वायर खरवडली. पांढरी निघाली. 😭 पण मुख्य फ्यूज आहे, बॅटरीजवळच आहे.
४) पोर्टमध्ये जुनी उशी फाडून फोम कोंबला.
पण बेस अजून पण नाही. भसभस गेली, तापणं गेलं, पण दोन १२ इंचीचा म्हणून जो दणका पाहिजे तो नाहीच. गंमत म्हणजे एका वूफरची वायर काढली तर आवाज वाढल्यासारखा वाटतो. डोक्याला शॉट. मला वाटतं माझे कान गेलेत.

ओहमकार
थांबा थांबा थांबा. एक काढला तर वाढतो?

पेटीवाली_पल्लवी
उलटा जोडलाय!!!

ओहमकार
ताईंनी माझ्या आधी टाइप केलं. होय. एक वूफर उलटा आहे. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, एक हवा ढकलतो दुसरा ओढून घेतो, खालचे सूर एकमेकांना खातात. वायरी लाल-काळ्या बरोबर दिसत असतील पण पेटीच्या आतल्या बाजूला दुकानात कोणीतरी उलट्या लावल्या असतील, बाहेरच्या डबीवरून कळणार नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. टीव्हीच्या रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घ्या. वूफर अ‍ॅम्पपासून सोडवा. सेलची प्लस बाजू लाल टोकाला, मायनस काळ्याला, क्षणभरच टेकवा. कोन बाहेर सरकला पाहिजे. दोन्ही वूफरच्या चारही कॉइल एकेक करून बघा. जी आत जाते ती उलटी.

मंद्रसप्तक
दोन तंबोरे जुळवताना एक किंचित उतरलेला असला की असंच होतं, बसलेला माणूस म्हणतो दोन आहेत की अर्धा. फिजिक्स वेगळं असेल, दुःख तेच.

कुर्ला_डेपो
सेलची ट्रिक भारी आहे. बायकोने रिमोट चालत नाही म्हणून ओरडायच्या आत सेल परत ठेवा, अनुभवाचे बोल.

डिक्कीत_दणका
डावा वूफर. दोन्ही कॉइल आत जातायत. स्क्रू काढून आत बघितलं, पेटीच्या आतल्या वायरी दोन्ही एकाच रंगाच्या!! दोन्ही काळ्या!! कोणाला काय कळणार मग.

बदलल्या. लावलं.

मंडळी.

आरसा बघता येत नाहीये, थरथरतोय. नंबर प्लेट वेगळंच गाणं म्हणतीये. मित्र मागच्या सीटवर बसला होता तो फक्त "आई गं" म्हणाला.

सातारी_तर्री
नाद करायचा नाय!! 🔥🔥

ओहमकार
अभिनंदन. आता लगेच गेन पिळू नका, हात बांधून बसा, कारण बऱ्याच जणांचे वूफर बरोबर याच आनंदात जळतात. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. हेडयुनिटकडून (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओकडून) येणारा सिग्नल किती मोठा आहे ते अ‍ॅम्पला सांगायचं ते बटण.

मीटर आहेच तुमच्याकडे. वूफर सोडवा. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट. हेडयुनिटचा आवाज तीन-चतुर्थांशावर. फोनवरून नाही, पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा टोन लावा, शून्य डेसिबलवाला. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या ब्रिजच्या टोकांवर धरा. किती यायला पाहिजे? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. तिथपर्यंत गेन हळूहळू आणा आणि सोडा. ५० हर्ट्झच का, कारण आपल्या घरातली लाइट ५० हर्ट्झची असल्यामुळे दोनशे रुपयांचा मीटर सुद्धा त्या टोनवर ठीक आकडा दाखवतो.

लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा. दारातल्या स्पीकरना हेडयुनिटमधून हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) ८० लावा, त्यांच्यावरचं बेसचं ओझं गेलं की गाण्याचे शब्द पण स्वच्छ येतील.

डिक्कीत_दणका
केलं. दुकानदाराने ठेवलेल्या गेनवर किती येत होते माहितीये? ४३ व्होल्ट. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून क्लिपिंगमध्येच चालत होता. ३४.६ वर आणला, आवाज थोडा कमी वाटला पण स्वच्छ. फक्त एक आहे, हळू आवाजात बेस मस्त आहे आणि जोरात केला की डिक्की खडखडते, कर्रर्र.

पेटीवाली_पल्लवी
तो बेस नाही, तो पत्रा आहे. नंबर प्लेटच्या मागे फोमच्या दोन चकत्या, डिक्कीच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट, पार्सल ट्रेच्या कडेला फेल्ट. स्टेपनीच्या खोबणीत जॅक आणि पान्हा सुटा पडलेला असेल तो कापडात गुंडाळा. पान्ह्याकडे कोणी बघत नाही आणि निम्मी खडखड त्याची असते.

नानापेठी
पुढेमागे अ‍ॅम्प बदलायचाच झाला तर मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा) क्लास डी बघा, तुमच्या वूफरांना १ ओहमवर ६०० वॉट आरएमएस देणारा आणि १ ओहमला स्टेबल असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला. क्लास डी ८० टक्क्यांच्या आसपास वीज कामाला लावतो, तापत कमी. तरी पूर्ण ताकदीला ५४-५५ अँपियर ओढेल, त्यामुळे ती पांढरी वायर आधी काढा, तांब्याची ४ गेज घाला, मग अ‍ॅम्प. उलट्या क्रमाने करू नका. आणि वूफर बदलणार असाल तर अ‍ॅम्प ठरवून मग कॉइल निवडा. अ‍ॅम्प २ ओहमला जास्तीत जास्त देत असेल तर दोन ड्युअल २ ओहमवाले घ्यायचे, त्यातून २ येतात. आपण आधी वूफर घेतो, मग अ‍ॅम्प शोधतो, मग धागा काढतो.

माझं विचाराल तर सध्या काही घेऊ नका. सहा महिने हेच ऐका.

विचारवंत_वाकडवाला
मी पण काल सेल लावून बघितला. माझे दोन्ही बरोबर आहेत. सांगून ठेवतो.

एक_त्रस्त_शेजारी
दणकासाहेब, सहज विचारतो, तुमची गाडी पांढरी आहे का?

डिक्कीत_दणका
लाल आहे हो काका. शपथ.

बे_एरियाचा_बंड्या
तो ३०००वाला घेतला नाहीत ते बरं झालं. १ ओहमवर ब्रिज करून तोही तापलाच असता, आणि वूफर उलटा तो उलटाच.

सीएनजीवाला
मंडळी, सहावं पान सुरू झालं. सिलिंडर. डिक्की. बेस. 🙏

पेटीवाली_पल्लवी
अरे हो, सॉरी दादा! तुमच्यासाठी सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर. आठ इंची, चपटा, अ‍ॅम्प आतच असतो त्यामुळे ओहमचं गणित कंपनीने करून दिलेलं. ड्रायव्हर किंवा शेजारच्या सीटखाली बसतो, आधी सीटखालची उंची मोजा, सीट मागे-पुढे सरकवून सगळीकडे मोजा. छाती हादरणार नाही पण गाणं भरलेलं वाटेल, छोट्या केबिनमध्ये खालचे सूर आपोआप वाढतात. बहुतेकांना स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेता येतो, कंपनीचा हेडयुनिट बदलावा लागत नाही. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर मिळतो. आणि सिलिंडरच्या, त्याच्या पाइपच्या आसपास कोणाला एकही स्क्रू मारू देऊ नका.

नानापेठी
आणि फ्यूज बॅटरीजवळ.

सीएनजीवाला
धन्यवाद ताई, धन्यवाद काका. सीटखाली मोजलं, नऊ सेंटिमीटर आहे. आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली गाडीची दुसरी किल्ली सापडली.